ज्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलो

राखेच्या बुधवारी संध्याकाळची मिस्सा सुटली की वसईतल्या आमच्या चर्चच्या आवारात एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो, "यंदा काय सोडलं?" कुणी मटण सोडलेलं असतं, कुणी मासळी, कुणी दारू. पोरं चॉकलेट सोडतात, हल्ली मोबाइलवरचे खेळही सोडतात. मीही आयुष्यभर हेच विचारत आणि सांगत आले. शाळेत शिकवत होते तेव्हा उपवासकाळ लागला की वर्गात एक तक्ता लावायचे. कुणी काय सोडलं, किती दिवस टिकलं, असा सगळा हिशेब त्यात. आज तो तक्ता आठवला की वाईट वाटतं. त्या मुलांना मी अर्धाच हिशेब शिकवला.

उरलेला अर्धा मला फार उशिरा कळला. आमच्या चर्चच्या नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस कडक उपवासाचे, एक पूर्ण जेवण आणि फार तर दोनदा थोडंसं काही. हा नियम अठरा वर्षांपासून साठीला लागेपर्यंतच्या माणसांसाठी आहे. त्यापुढे सक्ती नाही. मी साठी ओलांडली त्या वर्षी मला मधुमेहाच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. राखेच्या बुधवारी सकाळी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवसभर चोरी केल्यासारखी वावरले. त्याच आठवड्यात पापनिवेदनाला गेले तेव्हा तेही सांगून टाकलं. जाळीपलीकडे एक वयस्कर फादर होते. ते म्हणाले, "बाई, खा. पण आठवून खा."

एवढंच. पुढे त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी मोडताना मात्र ते शब्द कानात होते. ही भाकरी कुणी दिली? तांदूळ सुनेनं आणलेले, पीठ गिरणीतून तिनंच दळून आणलेलं, भाकऱ्या तिनं कामावर जायच्या आधी, पहाटे थापलेल्या. आमच्या घरी येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत "भाकरी छान झाली गं" असं मी किती वेळा म्हटलं असेल? मला एकदाही आठवेना.

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. मधले रविवार सोडले तर चाळीस दिवस. उपवास करत असाल तर करा, मनापासून करा. तब्येत साथ देत नसेल, गोळ्या असतील, अंगावर पाजत असाल, तर जेवा आणि मनात काही ठेवू नका. दोन्ही प्रकारच्या माणसांना माझी विनंती एकच आहे. हे चाळीस दिवस आठवणीचे करा. तुमच्यापर्यंत जे जे आलं ते कुणाच्या हातून आलं, ते एकेक करून आठवा. आणि ती माणसं हयात असतील तर त्यांना जाऊन सांगा.

सांगा म्हणते खरी, पण आपल्याकडे हेच अवघड आहे. मराठी घरात आईला कुणी धन्यवाद म्हणत नाही. म्हटलंच तर आई दचकेल, "काय झालं रे, बरा आहेस ना?" म्हणून विचारेल. नवऱ्यानं चहा करून दिला आणि बायकोनं आभार मानले, तर घरातले हसतील. घरच्या माणसाचे आभार कसले, असं आपणच म्हणतो. यात प्रेम आहे हे मी नाकारत नाही. आभार या शब्दातच भार आहे, आणि आपल्या माणसावर ओझं टाकायचं नाही अशी त्यामागची भावना असावी. पण या सवयीच्या आडोशाने पुष्कळ माणसं आयुष्यभर राबतात, आणि आपण केलेलं कुणाला दिसलं तरी का, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. धन्यवाद शब्द जड जात असेल तर तो राहू द्या. "आज आमटी मस्त झालीय." "तू होतास म्हणून निभावलं." "तुमच्यामुळे मी शिकले." ही आपल्याच भाषेतली वाक्यं आहेत, ती तरी तोंडातून बाहेर पडू द्या.

अहिल्यानगरला माझी एक मैत्रीण आहे. ती प्रॉटेस्टंट मंडळीतली. आमच्या प्रार्थनेच्या भाषेत थोडा थोडा फरक आहे. आम्ही क्रूस म्हणतो, ती वधस्तंभ म्हणते. तिच्या तोंडी एक शब्द सारखा येतो आणि मला तो फार आवडतो, उपकारस्तुती. मराठी बायबलमधला हा जुना शब्द. आभार मानले की व्यवहार संपतो, पावती फाडल्यासारखं होतं. उपकारस्तुतीत उपकार आधी नीट सांगावा लागतो, काय झालं, कसं झालं, कुणी केलं, आणि मग स्तुती येते. लेंटच्या, म्हणजे उपवासकाळाच्या, दिवसांत त्यांच्याकडे आळीपाळीने घरोघर प्रार्थनासभा होतात. तिच्या घरी सभा असली की प्रार्थनेआधी प्रत्येकानं एका माणसाचं नाव घेऊन त्याचा उपकार सांगायचा असा तिचा रिवाज आहे. "देवा, तू चांगला आहेस" एवढ्यावर ती कुणाला सोडत नाही. नाव सांगा म्हणते. गेल्या वर्षी मी तिथे होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एसटीच्या एका कंडक्टरचा उपकार सांगितला, चाळीस वर्षांपूर्वीचा. सुट्या पैशांची गोष्ट होती, पण सांगताना त्यांचा आवाज कापत होता. माझ्या वर्गातल्या तक्त्याच्या जागी हे हवं होतं, असं तेव्हा मनात आलं.

यंदाच्या उपवासकाळातल्या रविवारी मिस्सामध्ये जी शास्त्रवाचनं येतात त्यात पाणी फार आहे. ८ मार्चच्या तिसऱ्या रविवारी पाण्याची दोन वाचनं येतात. पहिलं निर्गमातलं. इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटले आहेत, समुद्र ओलांडून आले आहेत, आकाशातून पडलेला मान्ना खाऊन जगत आहेत. आणि पाणी मिळेना म्हणताच मोशेच्या अंगावर धावून जातात, आम्हाला मारायलाच इथे आणलंस का म्हणून. देव खडकातून पाणी काढतो, पण त्या जागेला नाव मात्र त्यांच्या भांडणाचं पडतं. त्यांची तहान खरी होती, लेकराबाळांचे घसे कोरडे पडले होते, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच दिसतं की तहान लागली तेव्हा मागच्या सगळ्याची आठवण पुसली गेली.

दुसरं योहानाच्या शुभवर्तमानातलं, शमरोनी बाईचं. भर दुपारी येशू याकोबाच्या विहिरीवर थकून बसला आहे. पोहरा त्याच्याकडे नाही. एक बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शमरोनी बाईकडे पाणी मागायचं नसतं, त्यांचं भांडं एकमेकांना चालत नसे. ती चकित होते. पुढे तिला जे मिळतं ते फार मोठं आहे, पण मी दर वेळी त्या पहिल्या मागण्यापाशीच थांबते. प्रभूने आधी तिच्याकडे मागितलं. देणाऱ्याच्या जागी तिला बसवलं.

महाराष्ट्रातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर आपल्या लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, कारण त्या पाण्यावर त्यांचा हक्क नाकारला गेला होता. त्याच्या कितीतरी आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला होता. यंदा २० मार्च उपवासकाळातल्या शुक्रवारीच येतो आहे. क्रूसाची वाट करताना त्या दिवशी महाडची आठवण करा असं मी माझ्या धर्मबांधवांना सांगेन. कुणाच्या हातचं आपल्याला चालतं आणि कुणाच्या नाही, हे आपल्याही घरांत, आपल्याही चर्चच्या बाकांवर अजून बघितलं जातं. ज्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही त्याचे उपकार आपण मानणार कसे?

आमच्या वसईत पाण्याची आठवण म्हणजे बावखल. बाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतला खोदलेला मोठा खड्डा, छोटं तळंच म्हणा. पावसाळ्यात तो काठोकाठ भरायचा, पाणी मुरायचं, त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात गोड राहायच्या. रहाटाने पाणी काढून केळी, पानवेली, फुलझाडं पोसली जायची. आमच्या आजोबा-पणजोबांनी ही बावखलं हातांनी खणली. मी लहान असताना आमच्या बावखलाच्या काठी कपडे धुवायला बायका बसायच्या आणि आम्ही मुलं पाण्यात. ते कुणी खणलं हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही. पाणी काय, असतंच, असं वाटायचं.

मग बांधकामं वाढली. विहिरींतून टँकर भरून विकले जाऊ लागले, उपसा वाढला तशा कितीतरी विहिरी खारट झाल्या. बावखलं मातीने बुजवून त्यावर इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती याविरुद्ध उभी राहिली, तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. पुढे २०२० साली फादर मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांनी आमच्यासाठी काय केलं हे मला त्यांच्या अंत्यविधीच्या गर्दीत उभी असताना नीट समजलं, आणि तेव्हा सांगायला ते नव्हते. आमच्या घरचं बावखल मात्र आम्हीच बुजवलं. मुलाच्या खोल्या वाढवायच्या होत्या. मीही हो म्हटलं होतं. हे मी पापनिवेदनात सांगितलं आहे आणि इथेही सांगते. जे हातांनी खणून आपल्या स्वाधीन केलं गेलं ते आपण एका आठवड्यात डंपरने भरून टाकलं, आणि त्या आठवड्यात खणणाऱ्यांची आठवण कुणालाच झाली नाही. तुमच्या वाडीत बावखल शिल्लक असेल तर या चाळीस दिवसांत त्याचा गाळ काढा, प्लास्टिक उचला. गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेइतकंच ते काम मला मोलाचं वाटतं.

आता एक गोष्ट जरा जपून सांगायची आहे. कृतज्ञता चांगली, पण ती दुसऱ्यावर लादू नका.

माझे यजमान कर्करोगाने गेले ते झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी. आजारपण दीड वर्षाचं. शेवटच्या महिन्यात एका रुग्णालयात आम्हाला फार वाईट वागणूक मिळाली, तो राग कितीतरी दिवस माझ्या अंगात होता. आणि दारात येणारी चांगली चांगली माणसं मला म्हणत होती, "देवाचे आभार मान, त्यांचा त्रास संपला." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ते ऐकताना वाटायचं, माझ्या तोंडात कुणी बळेच घास कोंबतंय. त्या वर्षी शुभ शुक्रवारी मी चर्चला गेले नाही. ईस्टरची घंटा घरात बसून ऐकली.

पाचव्या रविवारी, यंदा २२ मार्चला, लाजराची गोष्ट वाचली जाईल. तिथे येशू कबरेपाशी उभा राहून बापाचे उपकार मानतो, आणि लाजर बाहेर यायच्या आधीच मानतो. हे फार मोठं आहे. पण त्याआधी काय घडतं तेही वाचा. मार्था आणि मरिया दोघीही त्याला तोंडावर सांगतात, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो त्यांना गप्प करत नाही. उपकार मानायला शिकवत नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. उपकारस्तुती त्यानंतर येते, आणि ती तो स्वतः करतो, त्या बहिणींकडून करवून घेत नाही. म्हणून ज्यांच्या घरी या उपवासकाळात दुःख आहे, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. तुम्ही काहीही आठवू नका. तुमच्या वाटची उपकारस्तुती यंदा दुसरं कुणीतरी करेल. मंडळी त्यासाठीच असते.

यजमान गेले त्या दिवसांत आमच्या आळीच्या टोकाची एक मावशी रोज सकाळी पेजेचा टोप घेऊन यायची. मागच्या दाराने यायची, टोप ओट्यावर ठेवायची, कालचा रिकामा टोप घासून बरोबर न्यायची. सांत्वनाचं एक अक्षर बोलली नाही. आठ-दहा दिवस हे चाललं. घरात दुसरं काही गळ्याखाली उतरत नव्हतं, ती पेज उतरायची. मी तिच्याशी काही बोलले नाही, नंतरही नाही. सहा वर्षं तशीच गेली. मग त्या फादरांनी "आठवून खा" म्हटलं, आणि मला पहिल्यांदा ती पेज आठवली. मी एका रविवारी तिच्याकडे गेले, पडवीत बसले आणि सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "असेल गं बाय. मला काही आठवत नाही."

तिला खरंच आठवत नव्हतं. ती कितीतरी घरी अशी टोप घेऊन गेली असणार. राखेच्या बुधवारी दरवर्षी मत्तयाचा तोच भाग वाचतात, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नकोस, उपवास करशील तेव्हा तोंड धुऊन डोक्याला तेल लाव. हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. त्या पडवीत बसून पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा कुणाला त्याचा उपकार सांगायला गेलात आणि त्याला आठवलं नाही, तर हिरमुसून परत येऊ नका. त्याच्या विसरण्याने उपकार कमी होत नाही.

यंदाचा ईस्टर ५ एप्रिलला आहे आणि त्याच तारखेला, १९२२ साली, पंडिता रमाबाई केडगावला वारल्या. या उपवासकाळात त्यांची आठवण घरोघर व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण भूक आणि कृतज्ञता यांचं नातं त्यांच्याइतकं कुणी जगलं असेल असं मला वाटत नाही. रमाबाई उपाशी राहिल्या त्या कुठल्या व्रतासाठी नव्हे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत गावोगाव फिरायचे. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, मग आई, मग मोठी बहीण अशी सगळी उपासमारीने खंगून गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ कंदमुळं, पाला खात शेकडो मैल पायी चालले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, कडेवर लहान मुलगी. अशी बाई आयुष्यभर कडवट राहिली असती तर कुणी तिला दोष दिला नसता.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडाचे सापळे झालेल्या मुली-बायकांना शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. स्वतःच्या पोटाला भूक माहीत होती म्हणून त्या गेल्या. केडगावच्या माळावर त्यांनी विहिरी खणल्या, शेती उभी केली, मुलींना छापखान्यात अक्षरं जुळवायला शिकवलं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी बायबलचं भाषांतर करायला घेतलं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. त्यानंतरही काम थांबलं नाही. भाषांतर पूर्ण झालं आणि रमाबाईंनी डोळे मिटले. ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं, केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमातल्या मुलींच्या हातांनी छापलेलं.

मी कॅथलिक. आमच्या चर्चमध्ये त्यांचं भाषांतर वाचत नाहीत. पण मी मराठीत प्रार्थना करते, आणि ही मराठी माझ्यापर्यंत कुणीतरी आणून पोचवली आहे. १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण छापलं, ते परदेशातून आलेले आणि त्यांनी आपल्या ओवीत प्रभूची कथा सांगितली. रेव्हरंड टिळकांची पदं आजही मराठी उपासनांत म्हटली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन पुरं केलं. "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणताना एक क्षण या माणसांसाठी थांबा.

यशया संदेष्ट्याने उपवासाबद्दल जे सांगितलं ते रमाबाईंनी करून दाखवलं. देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं आणि भुकेल्याला आपल्यातलं देणं. आपल्याला दुष्काळात जायचं नाही. पण थोडं तरी करता येईल. मटण सोडलंत, त्याचे पैसे वाचले, ते वेगळे ठेवा आणि ईस्टरच्या आधी कुणाला तरी पोचते करा. शुक्रवारी मटण नाही म्हणून बाजारातून महाग पापलेट आणलं तर वेगळं ठेवायला काही राहणारच नाही, तेव्हा डाळ-भात आणि पालेभाजी खा. घरी कामाला बाई येत असेल तर तिचा पगार एक तारखेला तिच्या हातात पडला पाहिजे. तिला सुट्टी द्या, तिच्या पोरांची फी भरायची असेल तर मागायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. मजुरी अडवून ठेवणाऱ्यांना बायबलने फार कठोर शब्दांत सुनावलं आहे. चर्चचं आवार झाडणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? मला कालपर्यंत नव्हतं. आणि यंदा आपला उपवासकाळ आणि मुसलमान शेजाऱ्यांचा रमजान एकाच आठवड्यात सुरू झाले आहेत. संध्याकाळी ते रोजा सोडतात तेव्हा वाटीभर खजूर घेऊन त्यांच्या दारी जा.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा चर्चमध्ये जमू. पाय धुण्याचा विधी होईल, मग फादर भाकर हातात घेतील. मिस्साला आपण युखरिस्त म्हणतो, तो मूळ ग्रीक शब्द उपकारस्तुतीचाच. ही उपकारस्तुती कोणत्या रात्री झाली ते आठवा. धरून देणारा त्याच मेजावर बसला होता. पहाटेपर्यंत मित्र पळून जाणार होते, दुसऱ्या दिवशी क्रूस होता, आणि प्रभूला हे सगळं ठाऊक होतं. त्याने भाकर घेतली, बापाचे उपकार मानले, मग ती मोडून वाटली. जेवणानंतर सगळे गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. त्याच रात्री त्याने कशाबद्दल उपकार मानले असतील? भाकरीबद्दल, द्राक्षारसाबद्दल, मेजाभोवती बसलेल्या त्या माणसांबद्दलही असतील. मी हा प्रश्न दरवर्षी घेऊन जाते आणि दरवर्षी त्याच बाकावर बसते.

माझ्या यादीत अजून एक नाव आहे. लहानपणी मे महिन्यात आमच्या विहिरीला पाणी कमी पडायचं तेव्हा आई आम्हाला रस्त्यापलीकडच्या भंडारी कुटुंबाच्या विहिरीवर पाठवायची. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. त्यांची आई काठावर उभी राहून आमच्या कळशा आधी भरून द्यायची, आम्ही लहान होतो म्हणून. ती कधीच गेली. तिची सून हयात आहे, नव्वदीला टेकली आहे, डोळ्यांनी नीट दिसत नाही. ती विहीर आता सिमेंटच्या लादीने झाकली आहे, वर तुळशीवृंदावन आहे. ८ मार्चला सकाळी मिस्सा सुटली की मी तिच्याकडे जाणार आहे. सुनेकडून सुकेळी मागवून ठेवली आहेत, तिला दात नाहीत पण ती चघळेल.